मुठीतलं पान

पान तोंडात गेलं की माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे तहसीलदारसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. वालूरचे मार्तंडराव गावोगावच्या कामांसाठीच्या लोकल फंडाच्या कमिटीवर आल्यापासून हेच बघत होते. कायदा सरळ होता: ज्या कामाला फंड मंजूर, त्यावरच तो खर्चायचा, दुसरीकडे वळवायचा तर कमिटीतल्या प्रत्येकाची संमती हवी. म्हणून साहेब आधी पानाचं तबक फिरवत. सगळ्यांचे गाल फुगले की विचारत, “तो फिर मंजूर?” माना हलत. शाळेच्या छपराच्या पैशाचे डाकबंगल्याला पडदे झाले, ते असेच. तेव्हा मार्तंडरावांनाही पान गोडच लागलं होतं.

या खेपेला पाळी वालूरच्या विहिरीला मंजूर झालेल्या फंडाची होती. गावानं अंगमेहनतीनं ती खोदली, पाणी लागलं, दगडी बांधकाम तेवढं राहिलं. ते पावसाआधी झालं नाही तर काळी माती ढासळणार, हे शेंबडं पोरही सांगेल. साहेबांना मात्र डाकबंगल्याचा रस्ता हवा होता. त्यांचे वरिष्ठ सुभेदारसाहेब शिकारीला येणार होते.

तबक आलं. मार्तंडरावांनी पान उचललं आणि मुठीतच धरून ठेवलं.

“तो फिर मंजूर?”

“न्हाई साहेब. इहिरीचा पैसा इहिरीलाच पाहिजे.”

बाकीचे चघळायचे थांबले. साहेब भडकतील असं वाटलं, पण ते हसले. “ठीक है. फंड कुएं के ही नाम रहेगा. कोई हात नहीं लगाएगा.”

गावी परतल्यावर मार्तंडराव आधी शेजारच्या धुरपताबाईकडे गेले. ती रोज त्या खड्ड्यात उतरून घागर भरायची, वरून ढेकळं पडायची. “काळजी करू नगं बाई, आपला फंड वाचला,” ते म्हणाले. लय दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं.

साहेबांनी शब्द पाळला. फंडाला कुणी हात लावला नाही, आणि कामाचा हुकूमही निघाला नाही. मार्तंडरावांनी कचेरीचे उंबरठे झिजवले. “फंड तर तुमचाच आहे,” एवढंच उत्तर मिळे. वळवायला संमती लागत होती. नुसता बसवून ठेवायला कुणाचीच लागत नव्हती. हे उमगलं तेव्हा ते मनातून पार थकले.

आषाढात विहीर ढासळली. आत कुणी नव्हतं, हीच देवाची दया. मार्तंडराव पोचले तेव्हा धुरपताबाई रिकामी घागर घेऊन चिखलाच्या काठावर उभी होती.

“तात्या, पैसा हाय न्हवं अजून?”

“हाय. तसाच हाय.”

“मग तोच प्यावा का आमी?”

तोंडात पान नव्हतं, तरी मार्तंडरावांना बोलता आलं नाही.