इच्छेचं पाठ केलेलं वाक्य

मी सब्जंक्टिव्ह बोलतोय. दचकू नका, हे कुठल्या आजाराचं नाव नाही. मी फ्रेंच क्रियापदाचं एक रूप. तुमच्या 'यावं, जावं, व्हावं'चा परदेशातला मावसभाऊ. मनात इच्छा, भीती, शंका आली की मला बोलावतात. त्यातही इच्छा एकाची आणि करायचं दुसऱ्यानं, असं असलं की माझ्यावाचून पान हलत नाही.

राजवाड्यांत राहिलो, प्रेमपत्रांत राहिलो आणि शेवटी लातूरला आलो. मराठीपेक्षा फ्रेंचला मार्क जास्त पडतात, असं इथल्या पोरांना कोणीतरी सांगितलं होतं.

"समजून घेऊ नका, येळ न्हाई. पाठ करा!" हा क्लासच्या उमाशंकर सरांचा मंत्र. इच्छेचं वाक्य ठरलेलं: 'वडिलांना वाटतं, मी डॉक्टर व्हावं.' सगळी बॅच ते फ्रेंचमध्ये एका सुरात म्हणायची. एवढ्या पोरांची मिळून एकच इच्छा, तीही वडिलांची! मला वाईट वाटायचं, पण सांगतो कोणाला?

त्या बॅचमध्ये चाकूरची अक्षरा होती. तिच्या वडिलांचं, बसवंतअप्पांचं, भुसार मालाचं दुकान. सोयाबीन दाताखाली धरून ओल सांगणारी ही मुलगी दुकानातच रमायची. अप्पांनी मात्र बारावीनंतर तिला मेडिकलच्या तयारीला बसवायचं ठरवून टाकलं होतं. नको म्हणायची तिची छाती होत नव्हती.

पालक मेळाव्यात सरांनी नेमकं तिलाच उभं केलं. तिनं इच्छेचं वाक्य घडाघडा म्हटलं. टाळ्या पडल्या.

"म्हंजे काय म्हणली गं?" अप्पांनी विचारलं.

तिनं मराठीत सांगितलं. अप्पा खूश झाले, मग जरा घुटमळले.

"हे तर माझं झालं. अन् तुला काय वाटतं?"

सर घाईनं मध्ये पडले. "तेवढं सिलॅबसात न्हाई, अप्पा."

अक्षरानं मान वर केली. "मला दुकान चालवायचंय. आपलं."



"लई धूळ असती तिथं, बाई," अप्पा म्हणाले.

"ठाव हाय मला."

"मग उद्याचं शटर तूच उघड."

तिच्या त्या वाक्यात मी कुठंच नव्हतो. आपली इच्छा आपणच पुरी करायची असली की माझं काम पडत नाही. पोटावर पाय आला खरा, पण इतका आनंद मला राजवाड्यातही झाला नव्हता.

बाकीची बॅच अजून तेच वाक्य म्हणते आहे. तुमच्या घरी कोणी म्हणत असेल, तर अप्पांसारखं एकदा विचारून बघा. तेवढीच मला सुट्टी.