लंगोटाचा विटाळ

माझी धाकटी जाऊ वृषाली दुसऱ्यांदा पोटुशी राहिली आणि सातव्या महिन्यात तिला असं दुखणं लागलं, की कुणाला सांगायची सोय नाही. मांड्यांच्या मधे, ज्या जागेचं नाव बाईनं घ्यायचं नसतं तिथं, शिरा तटतटून फुगल्या. संध्याकाळपर्यंत सगळं वांग्यासारखं जांभळं व्हायचं आणि ठणकायचं. टोमॅटो तोडायला उभी राहिली की उभं राहवेना, भाकरी थापायला बसली की बसवेना.

आमच्या सासूबाई ठकूबाई. त्यांनी न बघताच निदान केलं. ‘‘अंग भायेर येतंय तिचं. अंग चोरून काम करनाऱ्या बाईचं असंच व्हतं.’’

मी तिला आळेफाट्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, ‘‘अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर वगैरे काही येत नाही. पोटातल्या बाळाच्या भारानं रक्त तुंबतं, म्हणून शिरा फुगतात. बाळंत झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात आपोआप जातील. तोवर डाव्या कुशीवर झोपायचं, जड उचलायचं नाही आणि खालून घट्ट आधार बांधायचा.’’ वृषाली तिथंच रडली. आपण सडत नाही आहोत हे ऐकूनच तिला निम्मं बरं वाटलं होतं.

आता आधार बांधायचा कशाचा? जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधून पाहिल्या, चार पावलं चाललं की ढिल्या. मग एके दिवशी बघते तर वृषाली ताठ चालत विहिरीवरून आली. मी विचारलं, तर पदर तोंडाला लावून हसली. नवऱ्याचा जुना लंगोट तिनं बांधला होता.

माझा दीर कुंडलिक पैलवान. त्याचे लंगोट मारुतीच्या तसबिरीखाली पत्र्याच्या पेटीत असायचे. ते तोच धुवायचा, तोच वाळवायचा. बाईची सावली पडली तर ताकद जाते म्हणे. बजरंगाचं ब्रह्मचर्य सांगणाऱ्या या गड्याची बायको दुसऱ्यांदा गरोदर होती, पण ते बोलायचं नाही! मी बाई, माझी जीभ आधीच बदनाम. मी एवढंच म्हटलं, ‘‘बांध बये. आजवर मातीतच लोळला तो, आता तरी कामाला आला.’’

ते दिवस तिचे बरे गेले. रात्री झोप लागू लागली, थोरल्या पोरीला कडेवर घेऊ लागली. बाळंतपणापर्यंत तो आधार टिकावा, एवढंच तिला हवं होतं. याहून जास्त त्या पोरीनं देवाकडे काही मागितलं नाही.

चैत्रात पेठच्या यात्रेत कुंडलिक घोडेगावच्या एका कोवळ्या पोराकडून चितपट झाला. हलगी थांबायच्या आत पाठीला माती. घरी आला तो भिंतीकडे तोंड करून बसला. आणि नेमकं त्याच दिवशी सासूबाईंना परसात परकराखाली वाळत घातलेला लंगोट सापडला. त्यांनी तो काठीच्या टोकावर धरून पोराच्या पुढ्यात टाकला.

‘‘बघ तुझी ताकद कुठं गेली ती. तुझ्या बायकूनं कुठं बांधली बघ.’’

कुंडलिकनं हात उगारला नाही. उगारला असता तर मी मधे तरी पडले असते. त्यानं लंगोट चुलीत घातला आणि शांतपणे सांगितलं, ‘‘दर शनवारी मारुतीच्या पायऱ्या धुवायच्या. विहिरीचं पानी, डोक्यावरून. बाळंत होस्तवर. आन् खाली काय बी बांधायचं न्हाई.’’

‘‘भावजी, डॉक्टरीणबाईनं जड उचलायचं न्हाई म्हणून सांगितलंय,’’ मी म्हणाले.

‘‘डॉक्टरनीला कुस्तीतलं काय कळतं, वहिनी?’’

वृषाली गेली. नाही म्हणायला माहेर लागतं पाठीशी; तिचे आईबाप कधीच गेले होते. पहिल्या शनिवारी ती आली ती अंथरुणावर दोन्ही हातांनी पोट धरून पडली. शिरा बोटाएवढ्या झाल्या होत्या. मी पुन्हा पट्टी बांधायला घेतली, तर घाबरून माझा हात ढकलला. ‘‘नको आक्का, आत्याबाई रोज बघत्यात.’’ होय, सासूबाई रोज परकर वर करून बघायच्या, सून पाप लपवते की काय म्हणून.

पुढे एका शनिवारी शेवटच्या पायरीवर तिची शीर फुटली. घागर गडगडत खाली आली आणि पाण्यातून लाल धार वाहू लागली. पारावर गावची मोठी माणसं बसली होती. सगळ्यांनी माना फिरवल्या. परक्या बाईच्या अंगाकडे बघू नये, एवढे संस्कार आमच्या गावात आहेत! मी धावले, पदराचा बोळा केला आणि तिथं मूठ दाबून धरली. टोमॅटोचा टेम्पो निघाला होता, त्यात क्रेटांच्या मधे तिला आडवं घातलं. आळेफाटा येईपर्यंत मी मूठ काढली नाही. बोटं बधिर झाली, आणि ती सारखी विचारत होती, ‘‘आक्का, आता तर विटाळ फिटला आसंल ना?’’

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि आम्हा सगळ्यांना बाहेर ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. तिथंच दिवस भरायच्या थोडं आधी वृषाली बाळंत झाली. मुलगा. कुंडलिकनं गावभर पेढे वाटले. सव्वा महिन्यात शिरा नाहीशा झाल्या, अगदी बाईंनी सांगितल्याप्रमाणे. पण बाईंचं नाव कोण घेतो? सासूबाई पारावर बसून सांगत होत्या, ‘‘मारुतीनं रगात घेतलं आन् पोरगा दिला. हिशेब मिटला.’’ पुढच्या यात्रेत कुंडलिक कुस्ती जिंकला, मग तर बोलायलाच नको.

त्यानंतर गावातल्या धर्माजींची सून आरती आमच्याकडे आली. सातवा महिना, तेच दुखणं, लाजेनं मान खाली. सासूबाईंनी लगेच उपाय सांगितला: पायऱ्या धुवायच्या. मी आरतीला बाजूला घेतलं, आळेफाट्याचं सगळं सांगितलं, उद्याच माझ्याबरोबर चल म्हटलं. ती वृषालीकडे बघत राहिली.

मला वाटलं, आता वृषाली बोलेल. तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? मांडीवरचं पोर थोपटत ती म्हणाली, ‘‘मी न्हाई का पायऱ्यांवर पानी वाहिलं? लई तरास झाला, पर झालं ना बरं? तूबी वाहा.’’

मला तिचं तोंड फोडावंसं वाटलं आणि तिला मिठी मारून रडावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. ‘‘अगं, मरता मरता वाचलीस तू,’’ एवढंच ओरडले.

‘‘तुमाला काय, आक्का,’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘वाहिलं तर मी व्हतं.’’

शनिवारी आरती विहिरीवर गेली. घागर तिच्या डोक्यावर चढवायला वृषालीनंच हात लावला.