आज जुनं कोण?

भिमाबाईच्या घरात भाजीला नियम होता. जुनी संपल्याशिवाय नवीला हात लावायचा नाही. मोरीजवळच्या खिडकीखाली बांबूची टोपली होती आणि तिच्यावर ओल्या गोणपाटाचा तुकडा. बाजारातून आलेलं तळाशी जायचं, आधीचं वर यायचं आणि वर असेल ते त्या दिवशी शिजायचं. पाहुणा आला तरी यात बदल नव्हता.

नाशिकरोडच्या त्या चाळीत हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. भिमाबाई बाजाराला जायची ती दिवेलागणीला, भाजीवाल्या पाट्या आवरायला लागल्या की. मऊ पडलेल्या टोमॅटोंचा वाटा, पिवळी पडू लागलेली कोथिंबीर, एका अंगानं किडलेली वांगी घेऊन यायची. टोमॅटोचं सार व्हायचं. कोथिंबिरीच्या काड्या ठेचून आमटीत जायच्या. फ्लॉवरचे दांडे आणि पानं चिरून त्यांची वेगळी भाजी व्हायची, दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची. यातूनही काही उरलंच तर ते पत्र्यावर वाळत पडायचं आणि भर पावसाळ्यात डब्यातून बाहेर निघायचं. चाळीतल्या बायका घरातलं काही उतरायला लागलं की तिला विचारायला यायच्या. शेजारची आबिदा मात्र चिडवायची.

"भिमाबाई, तुमच्याकडं भाजीला पण रेशनसारखी लाइन लावावी लागते. नंबर येईपर्यंत बिचारी म्हातारी होते."

आबिदाचं म्हणणं खोटं नव्हतं. जुनं खाऊन संपेपर्यंत नवं जुनं व्हायचं. ताजी मेथी, ताजे वाटाणे त्या घरात येत होते, पण ताजे असताना ताटात पडत नव्हते. भिमाबाईला ते कळायचं, तरी तिचा हात वळायचा नाही. तिचं माहेर नांदगावकडचं, कोरडं. बहात्तरच्या दुष्काळात ती आईला बघायला गेली होती. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीबरोबर काहीतरी हवं म्हणून तिनं वाळवलेल्या मुळ्याच्या पाल्याचं मडकं काढलं आणि वरचा पाला बाजूला सारून तळाशी हात घातला, मागच्या सालचा आधी काढायचा म्हणून. पोटात दिवसभर अन्न नसलेल्या बाईनंसुद्धा क्रम मोडला नव्हता. तेवढं भिमाबाईच्या डोक्यात कायमचं बसलं.

तिचा नवरा धोंडीराम नगरपालिकेत शिपाई होता. त्यानं या नियमाची थट्टा करून तो पचवला होता. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवता टेकवता तो विचारायचा, "आज जुनं कोण?" ती आतून कोबी म्हणायची, भोपळा म्हणायची. कधी कामात असली तर वैतागून म्हणायची, "तुम्हीच."

"मग आधी मला संपव," तो म्हणायचा आणि पाय धुवायला मोरीत जायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर त्याचं जेवण तुटलं. दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. गालफडं बसली, पोट मात्र पुढं आलं. चाळीतल्यांनी काविळीची औषधं सांगून पाहिली, लेक लता नांदगावहून येऊन राहून गेली, शेवटी सरकारी दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. मग भिमाबाईला आणि धोंडीरामच्या धाकट्या भावाला, भिकनला, बाहेर व्हरांड्यात बोलावून घेतलं. तरुण डॉक्टर होता. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. गाठ पसरलेली आहे, करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरी घेऊन जा, असं तो म्हणाला. जाता जाता थांबून म्हणाला, "पथ्यबिथ्य आता नको. मागतील ते खायला द्या."

भिकन सायखेड्याला शेती करायचा. दवाखान्याच्या पायरीवर तो टोपी हातात घेऊन बसून राहिला. मग बोलला.

"वहिनी, दादाला नाय सांगायचं. आमच्या आबाला वैद्यानं तोंडावर सांगितलं, तर त्यानं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. पुन्हा पाण्याला शिवला नाय. दादा त्याच्याच वळणाचा हाय."

सासऱ्याचं ते मरण भिमाबाईनं पाहिलं होतं. नवी नवरी होती ती. म्हातारा आणखी बरेच दिवस जगला असता असं सगळे म्हणत, पण त्यानं भिंतीकडं वळून जगणं थांबवलं होतं. तिनं भिकनला शब्द दिला.

आणि तिनं तो नेकीनं पाळला. पोटातली सूज काढून टाकली, आता फक्त ताकद भरायची, असं तिनं धोंडीरामला सांगितलं. डॉक्टरनं पथ्य नको म्हटलं होतं, पण पथ्य नाही म्हणजे औषध नाही हे आजाऱ्याला कळतं, म्हणून तिनं पथ्य स्वतःच ठरवलं: तिखट बंद, तेल बंद, रात्री भात बंद. दुखणं थांबवायच्या गोळ्या ताकदीच्या म्हणून दिल्या. तो एकदा मिरचीचा ठेचा मागायला लागला तर तिनं त्याला रागावून गप्प केलं. आबिदालासुद्धा तिनं काही सांगितलं नाही. आबिदानं विचारलंही नाही. सकाळी आपल्या बकरीचं दूध मात्र ती न चुकता आणून ठेवायची.

पडून पडून धोंडीराम कंटाळायचा. त्यानं घरातलं एक काम मागून घेतलं. सकाळी उन्हं आली की तो भिंतीला धरत टोपलीपाशी जायचा, खाली बसायचा आणि गोणपाटावर पाण्याचे हबके मारायचा. आत काय काय आहे ते चाचपून बघायचा. मग परत येऊन आडवा व्हायचा. संध्याकाळी पडल्या पडल्याच विचारायचा, "आज जुनं कोण?"

डिसेंबरात एका दुपारी भिकन आला. पिशवीत मेथीच्या जुड्या होत्या, मुळांना अजून ओली माती. सकाळी दव असताना उपटली, असं तो म्हणाला. धोंडीरामनं एक जुडी हातात घेतली, नाकाशी धरली. लहानपणी आई वाफ्यातून मेथी आणायची ती थेट तव्यावर टाकायची, तशी पुन्हा कधी खाल्ली नाही, असं काहीतरी तो बोलला. बायकोला टोमणा मारायचा म्हणून नव्हे. सहज बोलला. भिकननं मात्र वहिनीकडं पाहिलं. दादाच्या घरी आपण इतकं आणतो आणि दादा ते सुकवून खातो, हा सल त्याच्या मनात जुनाच होता.

भिकन गेल्यावर भिमाबाई मेथी निवडायला बसली. डोक्यात डॉक्टरचं एकच वाक्य होतं, मागतील ते खायला द्या. तिनं टोपलीकडं पाहिलंही नाही. लसूण ठेचला, मेथी धुतली, चिरली, तेलाशिवायच पातेल्यात परतली. मूगडाळ घातली. घरभर कोवळा कडवट वास सुटला. बाहेरच्या खोलीत धोंडीराम न सांगता उठून बसला. कितीतरी दिवसांनी तो जेवणाची वाट बघत होता. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा तिनं दुधात भिजवून दिला, शेजारी मेथी वाढली.

त्यानं एक घास खाल्ला. डोळे मिटून चावला. दुसरा घास हातात घेतला आणि तो हात तसाच थांबला.

"वांगी संपली?"

"संपली."

"सकाळी होती. पाणी मारलं तेव्हा वरच होती."

भिमाबाईनं दुधाची वाटी त्याच्याकडं सरकवली. मग म्हणाली, "भाऊजींनी एवढी मुद्दाम आणली, म्हणून केली."

"भिकन काय आज पहिल्यांदा आणतोय?"

तो तिच्याकडं बघत राहिला. आवाजात राग नव्हता. त्यानं पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर तिच्याकडं उत्तर तयार होतं. सूज, ताकद, पुढच्या तपासणीची तारीख, सगळं पाठ होतं. पण त्याला डॉक्टरचं काही विचारायची गरजच उरली नव्हती. लग्न झाल्यापासून जी बाई सुकलेल्या वांग्याला ओलांडून पुढं गेली नाही, ती आज गेली होती. ती कशाला घाई करतेय हे त्याला कळलं. गोळ्या, पथ्य, तारखा तिनं सांभाळल्या होत्या. टोपलीचं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. ताट हळूच पुढं सरकवलं, आडवा झाला आणि भिंतीकडं तोंड केलं.

भिमाबाई तिथंच बसली. सासरा असाच दिसला होता पाठमोरा, सदऱ्यातून वर आलेली खांद्याची हाडं अशीच. हाक मारावी तर काय म्हणून मारावी. खोटं बोलावं तर आता ते टिकणार नव्हतं, आणि खरं बोलायला तिची जीभ उचलत नव्हती. मेथी थंड झाली. शेजारी आबिदाच्या नवऱ्यानं, रहेमाननं, रेडिओ लावला होता, बातम्या चालू होत्या.

मग ती उठली. मेथीचं पातेलं झाकून बाजूला ठेवलं. टोपलीवरचं गोणपाट काढलं. वांगी वरच होती, सालं सुरकुतलेली, देठाशी काळी पडलेली. ती घेऊन ती बाहेरच्या खोलीच्या दारात आली.

"अहो," ती म्हणाली, "मेथी उद्या खा. आज वांगी आहेत."

तो हलला नाही. तिनं उत्तराची वाट बघितली नाही. स्टोव्ह पेटवला, वांगी एकेक करून जाळावर धरली. साल करपल्याचा वास मेथीच्या वासावर चढला. ती सालं सोलायला लागली तेव्हा बाहेरून आवाज आला, खोल गेलेला, पण रोजचाच.

"किडकं नीट काढ."

तिनं किडकं काढलं. उरलं ते वाटीभरही नव्हतं. मीठ घालून कालवलं, तिखट नाही, कारण पथ्य होतं. तो उठून बसला आणि ते सगळं खाल्लं. खाताना दोनदा त्याला थांबावं लागलं. भिमाबाई समोर बसून होती. डॉक्टरचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही, आणि पुढंही कधी काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मेथी खाल्ली, पातेल्यात राहून काळपट झालेली.

त्यानंतर घर पुन्हा नियमावर आलं. सकाळी पाण्याचे हबके, संध्याकाळी तोच प्रश्न. टोपलीपाशी जाणं होईना तेव्हा ती टोपलीच त्याच्या खाटेजवळ आणून ठेवायची. भिमाबाई उत्तर द्यायची आणि त्या पाठोपाठ उद्या काय, परवा काय, हेही सांगायची. पूर्वी ती हे सांगत नसे. तो मान हलवायचा. उद्याचा भोपळा, परवाचा मुळा, हे ऐकताना त्याचा चेहरा जरा सैल पडायचा.

जानेवारी संपता संपता भिकन हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला. घाटे भरलेले, पानांवरची आंबट आंब बोटांना लागत होती. धोंडीरामनं एक घाटा फोडायला घेतला, पण बोटांत जोर नव्हता. भिकननं दाणा काढून पुढं केला. धोंडीरामनं तो हातात घेतला, बघितला आणि परत भिकनच्या तळहातावर ठेवला.

"टोपलीत काय आहे?" त्यानं बायकोला विचारलं.

"कोबी."

"मग हे कधी?"

 एक दाणा, फक्त एक, असं भिमाबाईला म्हणावंसं वाटलं. पण तो तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होता त्यात ती मेथीची संध्याकाळ होती. आज डहाळे सोलले तर पुन्हा तेच सांगितल्यासारखं झालं असतं.

"कोबी संपला की," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि समाधानानं डोळे मिटले. भिकन उठून बाहेर गेला. ओट्यावर आबिदा भेटली तर तिच्यापाशी पुटपुटला की मरायला टेकलेल्या माणसालासुद्धा ही बाई शिळं घालती.  भिकनचं ते बोलणं आतपर्यंत ऐकू आलं.

कोबी संपायच्या आत धोंडीराम गेला. पहाटे, झोपेतच. नगरपालिकेतली माणसं आली, विहारातली माणसं आली, लता नांदगावहून रडत आली. काही दिवस आबिदाच्या घरून भाकरी येत होती, समोरच्या घरातून वरण. जलदानाचा विधी झाला, बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. घरात लता आणि भिकन राहिले.

त्या संध्याकाळी भिमाबाईनं टोपली उघडली. गोणपाट कोरडं ठणठणीत झालं होतं. वरचा कोबी सडला होता. त्याची पानं ती एकेक करून काढत गेली. आतला गड्डा मुठीएवढा निघाला, तो पांढरा होता. खाली डहाळे होते, पाला पिवळा पडून गळालेला, घाटे वाळलेले. ती ते सोलत बसली. दाणे कडक झाले होते. तिनं ते भिजत घातले, आणि दुसऱ्या दिवशी कोबी आधी शिजवला, मग हरभरा. दोन्ही ताटात वाढलं.

भिकननं हरभऱ्याचा घास घेतला. चावता चावता थांबला.

"हा मी आणलेला?"

"हं."

"दादानं खाल्ला?"

भिमाबाईला सांगता आलं असतं. त्याला सगळं कळलं होतं, डिसेंबरातच, माझ्याच चुकीनं कळलं होतं, आणि तरी त्यानं भिंतीकडं केलेलं तोंड परत वळवलं, असं सांगता आलं असतं. मग भिकन ती संध्याकाळ सायखेड्याला घेऊन गेला असता, चार माणसांत सांगितली असती. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"नाही," ती म्हणाली. "आधी कोबी होता."

भिकन तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं खाली मान घातली आणि हरभरा तसाच ठेवून हात धुवायला उठला. लतानं आईकडं पाहिलं. भिमाबाईनं त्याच्या ताटातला हरभरा वाटीत काढून घेतला, वर झाकण ठेवलं आणि ती वाटी उद्या सकाळी आधी दिसेल अशी पुढं ठेवली.