‘नको’चा फोटो

आतल्या खोलीतून तिचाच आवाज आला, “पाणी हवंय.” लगेच पुन्हा आला, “पाणी हवंय.”

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि ग्लास भरून नेला. आवाज टॅबमधून आला होता आणि पडद्यावरच्या चौकोनावर बोट होतं नवऱ्याचं. टॅबला स्पर्श जरा उशिरा कळायचा आणि नवऱ्याला तेवढा धीर नसे. तो पुन्हा दाबायचा, मग तिचा आवाज लागोपाठ दोनदा पाणी मागायचा.

दुकानात तिने फोनपेक्षा मोठा, पण एका हाताने मांडीवर पेलवेल असा टॅब मागितला होता. स्वस्तातला चालेल, असंही म्हणाली होती.

“सिनेमे बघायला हवाय की मुलांच्या अभ्यासाला?” दुकानदाराने विचारलं.

“बोलायला.”

“मग फोनच घ्या की, बाई.”

तिने समजावत बसण्याचं टाळलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या थंडीत त्याच्या मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी तुंबली, उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर येत नसत. मान हलवायचा, पण हो म्हणायचं असलं काय आणि नाही म्हणायचं असलं काय, ती सारखीच हलायची. त्यामुळे त्याच्या मानेवर कुणी भरवसा ठेवत नसे.

बोलायला शिकवायला येणाऱ्या थेरपिस्ट मुलीने टॅबवर एक अ‍ॅप घालून दिलं. पडद्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात आपणच काढलेला फोटो आणि आपलाच आवाज भरायचा. त्याची बायको रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. तिथल्यासारखंच तिने हे नीटनेटकं केलं. खाण्याच्या चौकोनांना पिवळी कड, औषधांना लाल, अंघोळ-कपड्यांना निळी. फोटो घरातल्याच वस्तूंचे काढले. त्याची उशी, त्याचा रेडिओ, काठावर चेपलेला त्याचा ग्लास. तळाशी हिरव्या कडेचा चौकोन, त्यात तिचा अंगठा आणि एक शब्द, “चालेल.” आवाज भरायचं काम तिने ड्यूटीवरून आल्यावर एका बैठकीत उरकून टाकलं. तेव्हापासून पाण्यापासून संडासापर्यंत सगळं तो तिच्या दमलेल्या आवाजात मागत असे. पुन्हा सावकाश भरू, असं तिने ठरवलं होतं. ते राहून गेलं.

पाणी पिऊन झाल्यावर तिने त्याची हनुवटी पुसली. दाराशी त्याची बॅग भरून ठेवलेली होती. उद्या आक्का, त्याची मोठी बहीण, गाडी घेऊन येणार होती.

आक्का गेल्या रविवारी येऊन सगळं ठरवूनच गेली होती. पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “हे बघ, माझं घर मोठं आहे, तळमजल्यालाच आहे, कामाला दोन बायका आहेत. तू चल माझ्याकडे. हिला जरा श्वास घेऊ दे. चेहरा बघ हिचा, वाळलाय नुसता. येतोस ना?”

त्याचं बोट पडद्यावर जरा वेळ फिरलं आणि मग तिचा आवाज म्हणाला, “चालेल.”

“बघ, किती गुणाचा झालाय. लहानपणी चप्पल घाल म्हटलं तरी नाही म्हणायचा मेला.”

तिघांपैकी दोघी हसल्या होत्या. आक्का गेल्यावर ती कित्येक महिन्यांनी भर दुपारी झोपली. जाग आली तेव्हा पहिल्यांदाच कुठे दुखत नव्हतं. फोन कानाशी न ठेवता लॅबमध्ये काम करता येईल, सुट्टीच्या दिवशी निवांत उठता येईल, असे लहानसहान बेत मनात सुरू झाले. त्यांची तिला लाज वाटली, पण ते थांबले नाहीत.

थोड्या वेळाने थेरपिस्ट शेवटचं भेटायला आली. तिने टॅब त्याच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची ओढून घेतली.

“काका, पंखा कमी करू?”

“चालेल.”

“खिडकी लावू?”

“चालेल.”

“रेडिओ काढून घेऊ?”

तो थांबला. बोट पिवळ्या चौकोनांवरून गेलं, लाल चौकोनांवरून गेलं, परत फिरलं आणि हिरव्यावर आलं. “चालेल.”

थेरपिस्टने तिच्याकडे पाहिलं. मग हसत विचारलं, “काका, तुमची मिशी कापून टाकू का?”

मिशी हा त्या घरातला नाजूक विषय होता. लग्न ठरवताना सासूबाईंनी सुचवून पाहिलं होतं, तरी ती गेली नव्हती. त्याने थेरपिस्टकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बोट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हिंडलं. शेवटी तळाशी येऊन टेकलं.

“चालेल,” तिचा आवाज म्हणाला.

कुणी हसलं नाही.

“काकू,” थेरपिस्टने हळूच विचारलं, “‘नको’ कुठंय?”

ती पडद्याकडे पाहत राहिली. प्रत्येक चौकोन तिला पाठ होता. “फोटो कशाचा काढायचा, ते सुचेना,” ती म्हणाली. “पाण्याचा काढता येतो. उशीचा काढता येतो. ‘नको’चा कशाचा काढू? मग म्हटलं, बघू नंतर.”

“होतं असं.”

“नाही हो, लॅबमध्ये माझ्याकडून असं कधी होत नाही.”

“लॅबमधून आल्यावर केलंत ना,” थेरपिस्ट म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, “तुमचा हात दाखवता? पंजा असा पुढे धरा.”

तिने पंजा धरला. फोटो निघाला. शब्द मात्र तीनदा भरावा लागला. पहिल्यांदा तो रागावल्यासारखा वाटला, दुसऱ्यांदा रडवेला. तिसरा तिने ठेवून दिला.

थेरपिस्ट गेल्यावर ती त्याच्याजवळ बसली. विचारलं नाही तरी चाललं असतं. गाडी यायची होती, बॅग भरलेली होती, आक्काने खोली रिकामी करून ठेवली होती. तिने विचारलं.

“अहो, आक्कांकडे जायचंय?”

बोट यावेळी फिरलं नाही.

“नको.”

लॅबमध्ये शंका आली की ती तपासणी पुन्हा करत असे. तिने प्रश्न उलटा करून विचारला, “मग इथेच राहायचं? माझ्याजवळ?”

“चालेल.”

“तिथे माणसं आहेत कामाला. इथे दिवसाच्या मावशी गेल्या की मी एकटी आहे. माझ्याच्यानं होत नाही आताशा, कळतंय का तुम्हाला?”

याचं उत्तर त्या पडद्यावर नव्हतंच. त्याने डावा हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

तिला आनंद झाला नाही. देऊन टाकलेला रिपोर्ट चुकला म्हणून अख्खं काम पहिल्यापासून करायला बसावं, तसं वाटलं. तिने फोन लावला.

“आक्का, उद्या येऊ नका.”

“का गं? बरं नाहीये का त्याला?”

“त्यांना यायचं नाहीये.”

“अगं, माझ्यासमोर चालेल म्हणाला तो.”

“त्यांना दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. मी सोयच ठेवली नव्हती.”

आक्का म्हणाली, “आणि तुझं काय?”

“माझं बघते मी.”

“बघते म्हणे. बघितलंय तुझं. मी येते उद्या, न्यायला नाही, राहायला. चार दिवस तू झोप.”

“या,” ती म्हणाली. तिने मोठेपणा दाखवून नाही म्हटलं नाही.

संध्याकाळभर तो नको म्हणत होता. मऊ भात नको. निळा सदरा नको. रेडिओवरचं ते स्टेशन नको, जे ती त्याच्या आवडीचं म्हणून इतके महिने लावून जायची. मऊ भाताला तर त्याने तीनदा नको म्हटलं. तिने ताट परत नेलं, पोळीचे बारीक तुकडे करून आणले आणि ते त्याने सावकाश, एकेक चावून खाल्ले. तिला भयंकर कंटाळा आला होता. भांडी तशीच ठेवून ती भिंतीला टेकून बसली.

सकाळी दिवसा सांभाळणाऱ्या मावशी आल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तिने वेणी घातली, डबा भरला, पर्स खांद्याला अडकवली. दाराशी चपला घालताना ती रोजच्यासारखं आत पाहून म्हणाली, “येऊ मी?”

रोज ती उत्तराला थांबत नसे.

“नको,” तिचा आवाज म्हणाला.

ती तशीच उभी राहिली. मग चपला काढून आत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. पर्स तिने खांद्यावरून काढली नाही. खाली तिची रोजची बस आली, थांबली आणि निघून गेली.