पिझ्झ्याची परतफेड

विद्यापीठाच्या बसमध्ये चढतानाच एर्मेलिंदाने ठरवलं होतं, तिथे काहीतरी खोट काढायची आणि नातीचं खूळ तिथेच पुरून यायचं. यारेलीला तिथे शिकायला बोलावलं होतं. राहायचंही तिथेच, मादेरातल्या त्यांच्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर. तिचे आईबाप उत्तरेला सफरचंदांच्या हंगामामागे फिरत. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आजी म्हणेल ते." आणि आजी काहीच म्हणत नव्हती.

एर्मेलिंदाची बहीण लुक्रेसिया अशीच एकदा बसमध्ये चढली होती, शहरात कुणाच्या घरी कामाला. परत आला तो तिचा फोटो. लाल ओठ, आखूड केस. आईने तो संतांच्या तसबिरींशेजारी ठेवला आणि बहीण जिवंत असतानाच त्याच्यापुढे मेणबत्ती लावू लागली.

"आजी, तिथे कुणाशी भांडू नकोस," यारेली म्हणाली.

"मी कशाला भांडू? मला त्यांची भाषा कुठे येते."

"म्हणूनच सांगते. तू चेहऱ्याने भांडतेस."

फाटकापाशी रिगोबेर्तो उभा होता. शेतमजुरांच्या घरांतली पोरं विद्यापीठात आणायची, हीच त्याची नोकरी. अंगात भडक पिवळा सदरा, छातीवर 'ही जागा तुमचीच'. आडनाव, नाक, केस, सगळं मेक्सिकोचं. स्पॅनिश मात्र तोंडात गुळणी धरल्यासारखं. एर्मेलिंदाचंही स्पॅनिश बेताचंच, तिची बोली मिश्तेक. त्यामुळे दोघांचं छान जमलं. कुणालाच काही कळत नव्हतं.

तो आपल्या मुळांबद्दल पुष्कळ बोलला.

"याने जन्मात एक मूळ उपटलेलं दिसत नाही," शेजारीण झेनाईदा कुजबुजली. "हात बघ. पावासारखे."

मग पिझ्झा आला. खोकीच्या खोकी. हवा तेवढा खा म्हणे. घोळ झाला तो इथेच.

मेक्सिकोतल्या त्यांच्या डोंगरातल्या गावात फुकट खायची रीत नव्हती. ज्या गावचं खाल्लं, त्या गावचं काम करायचं. त्याला तेकियो म्हणत. त्यात मजुरी नाही आणि नाही म्हणायची सोयही नाही. एर्मेलिंदा लहान असताना गावात नवा मास्तर आला होता. त्यालासुद्धा शाळेच्या भिंतीसाठी दगड वाहायला लावले. हातांना फोड आले, तेव्हा कुठे बायका त्याला 'जेवलात का मास्तर' विचारू लागल्या. त्याआधी तो नुसता पाहुणा. आणि पाहुणा मेलाच तर त्याला पुरायचा कुठे, इथपासून पंचाईत.

तर पोटात पिझ्झा घेऊन बसमधून आलेल्या बायका काम शोधत निघाल्या. इमारतींमागे वाफे दिसले. पीक कसलंच नाही. नुसता रानमाठ, घोळ आणि चाकवत माजलेला, मधूनमधून रंगीत झेंड्या.

"एवढी शिकलेली माणसं आणि शेताची ही दशा," एर्मेलिंदा म्हणाली.

"उत्सव जवळ आला असेल. झेंड्या लावून ठेवल्यात, तण काढायला वेळ नाही झाला बिचाऱ्यांना," झेनाईदा म्हणाली.

द्राक्षांच्या रांगांत आयुष्य गेलेल्या बसभर बायका. आत रिगोबेर्तोचं भाषण संपायच्या आधी वाफे तळहातासारखे स्वच्छ झाले. कोवळी भाजी अर्थातच पिशव्यांत गेली. अन्न फेकून देण्याइतक्या त्या शिकलेल्या नव्हत्या.

मग एक उंच, उन्हाने लालबुंद झालेला प्राध्यापक आला. वाफ्यांकडे बघत राहिला. ओरडला नाही. हळूच मातीतच बसला आणि काहीतरी पुटपुटला.

"ते तण नव्हतं, आजी," यारेलीने सांगितलं. "त्यांनी पेरलं होतं. कमी पाण्यात कुठली रानभाजी टिकते ते बघायला."

"तण पेरलं?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो ग, आजी."

एर्मेलिंदाने प्राध्यापकाकडे जरा काळजीनेच पाहिलं.

"काही हरकत नाही, विमा आहे," रिगोबेर्तो सगळ्यांना सांगत सुटला. त्याच्या पिवळ्या सदऱ्यापेक्षा त्याचं तोंड पिवळं पडलं होतं.

यारेली मान खाली घालून मिश्तेकमध्ये म्हणाली, "आता मला इथे कोण येऊ देणार. चल घरी."

एर्मेलिंदाला खोट हवी होती, ती मिळाली होती. फक्त स्वतःच्याच पदरात पडली होती. आता एक शब्द बोलली असती तर नात गुपचूप बसमध्ये चढली असती. पण कुणाचं शेत गुरांनी खाल्लं, तर गुरांचा मालक घरी जाऊन झोपतो असं तिने कुठे पाहिलं नव्हतं.

"विचार त्याला, परत कधी पेरायचं."

प्राध्यापकाने डोकं खाजवलं. "येत्या शनिवारी. पण तुम्ही यायची गरज नाही."

"मी गरज विचारली नाही. वार विचारला."

"नियमात बसत नाही, आजी," रिगोबेर्तो म्हणाला.

"मग उभं राहू दे त्याला."

शनिवारी त्या आपल्याच गाड्यांनी आल्या. पुढच्याही शनिवारी आल्या. येताना भाजलेल्या मिरचीची चटणी, मक्याच्या भाकरीसारख्या तोर्तिया आणि घेवड्याचं कालवण घेऊन. प्राध्यापक गुडघ्यांवर बसून त्यांच्याबरोबर बी टोकायचा. "जरा वाक, तिकडे खांब रोवायचा नाहीये," झेनाईदा त्याला म्हणायची आणि यारेली भाषांतर करताना भलतंच सांगायची. कोंब वर आले, तोवर फाटकावरच्या पहारेकऱ्याने नावं विचारणं सोडलं होतं. नुसता हात करायचा आणि आज कालवण कशाचं ते विचारायचा.

अशाच एका शनिवारी यारेली वर न बघता म्हणाली, "आजी, विद्यापीठाचं बोलावणं अजून कायम आहे. मी त्यांना काय कळवू?"

"कशाबद्दल?"

"इथे राहायला येते की नाही."

एर्मेलिंदाने पाठ सरळ केली. लुक्रेसिया गेली त्या शहरात त्यांच्यापैकी कुणी एक दगडसुद्धा उचलला नव्हता. तिच्याबद्दल तिथे विचारायला जायचं तरी कुठल्या दारात? इथे निदान या वाफ्यांपाशी येऊन उभं राहता येईल. ही माती तिच्या स्वतःच्या नखांत होती.

"आपल्याच गावात राहायला विचारतेस कशाला? राहा," ती म्हणाली. "फक्त फोटो पाठवू नकोस. तू ये."

यारेलीने मातीच्याच हाताने डोळे पुसले, त्यामुळे ते जास्तच चुरचुरले. आजीने तिच्याकडे पाहायचं टाळलं. तिची नजर सावलीत उभ्या असलेल्या पिवळ्या सदऱ्यावर गेली.

"आणि त्या रिगोबेर्तोला हाक मार. इतके शनिवार नुसता उभा आहे. छातीवर लिहून जागा आपली होत नाही म्हणावं. ती बादली उचल."