एका कान्याचा फरक

लेस्टरच्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात मी तांबडं पेन घेऊन बसते, म्हणून पालकांत माझं नाव फारसं चांगलं नाही. असू दे. चूक दिसली की माझा हात गप्प बसत नाही.

दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये जपानवरच्या बॉम्बला साठ वर्षं झाली, म्हणून इथल्या मराठी मंडळाने वादविवाद स्पर्धा ठेवली : अणुबॉम्ब वापरायला हवा होता की नको? पंधरा वर्षांच्या तनयाने 'नको' ही बाजू घेतली आणि घरात वाजलं. तिचे आजोबा, रघुवीरराव, युद्धात ब्रह्मदेशात वायरलेसवर होते. पुढे त्यांना मलायाच्या किनाऱ्यावर जपान्यांशी लढायला उतरवणार होते.

"बॉम्ब पडला म्हणून मी जगलो, म्हणून तू आहेस," ते तिला म्हणाले. "त्याच्याविरुद्ध बोलणार असशील तर मी हॉलमध्ये येणार नाही."

तिला मराठी त्यांनीच शिकवली होती. ते समोर नसतील, या विचारानेच तिला रडू यायचं. पण बाजू बदलायला पोरगी तयार नव्हती.

भाषणाच्या कागदावर तिने लिहिलं होतं, 'अमेरिकेने बॉम्ब पडला.' मी खूण केली. "पडला नव्हे, पाडला. काना दे."

"डिफरन्स काय आहे, सुनेत्रामावशी?"

"आपोआप झालं तर पडला. कुणी केलं तर पाडला. मग कुणी, तेही सांगावं लागतं."

तिने काना दिला. "पण आजोबा ऑलवेज पडला म्हणतात."

मी पेनाला टोपण लावलं. अशी वेळ माझ्यावर क्वचित येते.

त्या संध्याकाळी तिने आजोबांना सरळ विचारलं, पडला की पाडला? ते उठून खोलीत गेले. स्पर्धेच्या दिवशी मात्र शेवटच्या रांगेत, अंगातला कोट न काढता, येऊन बसले.

तनयाने त्यांना पाहिलं. तरी बोलायची थांबली नाही.

"माझी आजोबा म्हणतात, बॉम्ब पडला. ते जगले, मला खूप आनंद आहे. पण पाऊस पडतो. बॉम्ब पाडतात. तिथे पण कोणाचे तरी आजोबा होते. त्यांची नात आज बोलायला नाही."

टाळ्या पडायच्या आत रघुवीरराव उभे राहिले.

"माझी नव्हे, माझे आजोबा," ते म्हणाले. लोक हसले. ते हसले नाहीत. "ती बातमी वायरलेसवर मीच उतरवून घेतली होती. कुणी पाडला, ते इंग्रजीत स्वच्छ होतं. वापरायला हवा होता, असं मी आजही म्हणतो. पण आईला पत्र लिहिताना काना मीच गाळला. जगल्याची लाज वाटत होती."