सोडलेली डावी बाजू

लॉगर्स हा आइस हॉकीचा संघ विकला गेला आणि स्टोनी पोर्टेजहून उठून दोन हजार मैल दक्षिणेला, वाळवंटातल्या शहरात गेला, त्याला तीन हिवाळे झाले होते. नाव बदललं, शर्टाचा रंग बदलला. जुन्यांपैकी ओरेस्ट हालुश्चाक तेवढा टिकला होता. गोल करणं त्याचं काम नव्हतं. आपल्या माणसाला कुणी आडवं केलं की हातमोजे फेकून त्याला ठोकायचं, हे त्याचं काम.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाव्या डोळ्यावर अजून एक ठोसा बसला की डोळा गेला. हे त्याने प्रशिक्षकापासून लपवलं होतं. न लढणाऱ्या ओरेस्टला कोण ठेवणार?

आज संघ पहिल्यांदाच जुन्या गावी खेळत होता. गावाने हट्टाने नवा संघ उभा केला होता.

"गद्दारा, उन्हात वितळलास का रे?" मैदानाभोवतीच्या काचेवर मुठी आपटत त्याची जुनी घरमालकीण स्टेफा मावशी ओरडली. "माझ्या घरात राहून, माझ्या हातच्या बटाटा भरलेल्या पेरोगी खाऊन पळालास!"

दुसऱ्या सत्रात एमिल देजार्लेने ओरेस्टच्या गोलरक्षकाला उडवलं. एमिल त्याचा जुना जोडीदार, आता गावच्या नव्या संघात. गाव सोडून दक्षिणेला जायला त्याने साफ नकार दिला होता. आता ओरेस्टला लढायला उतरावंच लागलं.

लढणाऱ्यांची एक रीत होती. दुखरी जागा आधी सांगायची, समोरच्याने तिथे मारायचं नाही.

"डावा डोळा," ओरेस्ट हळूच म्हणाला.

"कितपत?"

"जाईल."

"बरं. ये मग, म्हाताऱ्या."

हातमोजे बर्फावर पडले. पंच बाजूला सरले; या खेळात अशी झुंज कुणी पडेपर्यंत चालू देतात. एमिलचा पहिला ठोसा उजव्या कानावर बसला, दुसरा उजव्या जबड्यावर. ओरेस्टच्या तोंडात रक्त आलं. डावा हात डोळ्यापुढे धरून तो मागे सरकत होता.

"डावीकडे हाण, एमिल! डावीच बाजू लपवतोय तो!" लोक बोंबलत होते.

एमिलने तिकडे मारलं नाही. मग ओरेस्टच्या ध्यानात आलं, तिकडे तो मारणारच नाही. त्याने डोळ्यापुढचा हात खाली घेतला. आता दोन्ही हात मोकळे होते. डाव्याने एमिलची मान पकडली आणि उजव्याने हाणलं. नाक फुटलं. पुन्हा हाणलं. मग डाव्याने. एमिलच्या हनुवटीपाशी काहीतरी कडकन मोडलं आणि एमिल गुडघ्यांवर आला. पडलेल्याला मारत नाहीत. ओरेस्टने आणखी एक मारला.

पंचांनी त्याला ओढून काढलं. पाहुण्यांच्या बाकावरून एकटा प्रशिक्षक टाळ्या वाजवत होता.

डॉक्टर धावत आले. एमिलने त्यांचा हात बाजूला सारला. त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता, शब्द रक्तातून बाहेर येत होते.

"ओरी," त्याने विचारलं, "डोळ्याला लागलं नाही ना?"

ओरेस्टने मान हलवली. नाही. दंड झालेल्या खेळाडूने बसायच्या कोठडीपर्यंत जायला वीस पावलं होती; त्याचे पाय काही केल्या उचलेनात.